पडद्याआडची ताटं

आमच्या अमितावहिनीला एका जागी स्वस्थ बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. एरवी ती जेवतानासुद्धा एक पाय हलवत असते. जबलपूरजवळ खमरियाच्या क्वार्टरमध्ये माझा भाऊ आनंद पेपरात डोकं घालून बसलेला असतो, आई जपमाळ घेऊन बसलेली असते, आणि ही मागच्या व्हरांड्यातून पुढच्या खोलीत आणि पुढच्या खोलीतून मागे अशा येरझारा घालत असते. मधेच थांबून मोबाइलवर आकडा बघते, तोंड वाकडं करते आणि पुन्हा चालू पडते. नवख्या माणसाला वाटतं, बाईचं काहीतरी हरवलंय. हरवलेलं काही नसतं. शुगर वर चढलेली असते आणि वहिनी तिला चालून चालून खाली आणत असते.

तिला टाइप वन डायबेटिस आहे, अकराव्या वर्षापासून. हे सांगितलं की लोक हमखास म्हणतात, "लहानपणी गोड फार खाल्लं वाटतं!" असं म्हणणाऱ्याला माझ्या तोंडून चार शब्द ऐकावे लागतात. मी नणंद आहे, तिखट बोलायचा मला हक्क आहे आणि मी तो वापरते. गोड खाण्याचा इथे काही संबंध नाही. वहिनी कुंडमची, वडील तहसील कचेरीत होते. पोरगी वाळत चालली, घडाघडा पाणी प्यायला लागली, एक दिवस शाळेतून घरी येऊन पडली ती उठेचना. जबलपूरला आणली तेव्हा कळलं की तिच्या शरीराने इन्सुलिन बनवायचंच सोडून दिलंय. तेव्हापासून जे काम तुमचं आमचं पोट गुपचूप करतं, ते ही स्वतः डोकं लावून करते. घासाघासाचा अंदाज घ्यायचा, तेवढी सुई टोचायची आणि मग वाट बघायची.

अंदाज बरोबर आला तरी आकडा बरोबर येईल याचा काही भरवसा नाही. कालच्याच पोळ्या, कालचीच भाजी, कालचीच सुई, आणि आकडा मात्र काल एकशेतीस तर आज तीनशे. ऊन लागलं की खाली, ताप आला की वर. पाळीच्या आधी वर, पाळी आली की धाडकन खाली. वहिनी पोस्टात काउंटरला बसते. समोरचं गिऱ्हाईक भांडून गेलं की शुगर चढते, आणि तेच माफी मागायला परत आलं तरी उतरत नाही. खोव्याची जलेबी खाऊन एकदा काहीच झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी नुसत्या दुधीच्या भाजीने तिला दमवलं. ती मला चिडवते, "राजश्री, ही शुगर अगदी तुझ्यासारखी. सकाळी गळ्यात पडते, दुपारी फुगून बसते, आणि काहून फुगली ते विचारायची सोय नाही."

शुगर खाली गेली की वहिनी वेगळीच बाई होते. हात थरथरतात, घाम फुटतो, आणि ती घासलेली भांडी पुन्हा घासायला घेते. काय झालं विचारलं तर म्हणते, "मला काही झालं नाही." या चार शब्दांना आमचं सगळं घर घाबरतं. एकदा तर आनंदने साखरेचं पाणी पुढे केलं आणि तिने तो पेला त्याच्या शर्टावर रिकामा केला. नंतर भानावर आल्यावर तोच शर्ट धूत रडत बसली. माझा भाऊ बिचारा म्हणत होता, "अगं, शर्टाला काय होतं, धुतला की झालं." त्याच्यासारखा शांत माणूस तिला मिळाला नसता तर काय झालं असतं, मला विचार करवत नाही. माझ्या नवऱ्याने पेला परत फेकला असता.

आता दंडावर सेन्सर आहे. तो मोबाइलला आकडा आणि शुगर कुठल्या दिशेने चालली त्याचा बाण पाठवतो, आकडा फार खाली किंवा फार वर गेला की मोबाइल बोंब मारतो. आणि इंदूरला होस्टेलमध्ये राहणाऱ्या भाचीच्या, समिधाच्या मोबाइलवरही तेच आकडे दिसतात. आईच्या रक्तात साखर किती हे पोरीला वर्गात बसून कळतं. सोय म्हणावी तर सोय आहे, आणि जीव टांगणीला लागतो म्हणावं तर तेही खरं.

एवढं सगळं असून वहिनी नोकरी करते, स्कूटी चालवते, घर चालवते. आईच्या गुडघ्यांना तेल लावते. घरातलं असं एकही काम नव्हतं जे तिच्या हातून होत नव्हतं. नाही म्हणायला एक होतं, महालक्ष्म्यांचं.

आमचं घराणं मूळ अमरावतीकडचं. आजोबा नोकरीसाठी इकडे आले तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या घड्यांमध्ये दोन पितळी मुखवटे घेऊन आले, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाद्रपदात त्या दोघी बहिणी आमच्याकडे तीन दिवस माहेरपणाला येतात. दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण. पुरणपोळी, खीर, आंबील, कढी, सोळा भाज्या. दोघींसमोर दोन ताटं वाढायची, पुरणाच्या दिव्यांनी आरती करायची आणि मग पडदा ओढायचा. त्या जेवत असताना आत कोणी जायचं नाही, बाहेर कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आणि जी बाई महालक्ष्म्या करते तिने पडदा उघडेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

तिथेच वहिनीची गाडी अडायची. लग्न होऊन आली त्या वर्षीच आई म्हणाली होती, "तुला जमायचं नाही बाई. तू आपलं बाहेरचं बघ." आवाज न चढवता म्हणाली, पण एकदाच म्हणाली आणि ते कायमचं झालं. तेव्हापासून दर महालक्ष्म्यांना वहिनी सतरंज्या अंथरायची, ताटं पुसायची, पंगतीत वाढायची. सोवळ्याच्या स्वयंपाकघराचा उंबरा तिने त्या दिवशी कधी ओलांडला नाही.

यंदा आईचे गुडघे पार गेले. गणपती बसले त्या दिवशी तिने सांगून टाकलं, "माझ्याच्यानं आता होत नाही. मुखवटे सिहोऱ्याला हेमलताकडे देऊन टाकू." हेमलतावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. सिहोऱ्याला त्यांचा धान्याचा व्यापार, मोठं घर, उपासतापास सगळं बिनबोभाट. वहिनी तेव्हा येरझारा घालत होती, ती दारातच थांबली.

"मी करते," ती म्हणाली.

"आणि उपास?"

"उपास पण करते."

आईने जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पडदा उघडेपर्यंत निभावलंस तर मुखवटे इथंच राहतील. नाही तर विसर्जन झाल्यावर हेमलता घेऊन जाईल."

मला असा राग आला की विचारू नका. आईवर आला आणि वहिनीवर त्याहून जास्त. मी तिला व्हरांड्यात ओढत नेलं आणि म्हटलं, "तुला काय गरज पडली? पितळेचे दोन मुखवटे आहेत. जाऊ दे सिहोऱ्याला. डबल सुखाने राहशील."

"राजश्री, वर्षभर हे घर मी बघते," ती म्हणाली. "एका दिवशी मी या घरात पाहुणी असते. ती पण आजारी पाहुणी. मला त्याचं फार वाईट वाटतं गं. दर वर्षी वाटतं."

डॉक्टरांकडे तिच्यासोबत मीच गेले. त्यांनी रात्रीची सुई कमी करायला सांगितली, आणि बजावून सांगितलं की आकडा सत्तरच्या खाली गेला तर उपास तिथेच सोडायचा, देव असो की कोणी असो. वहिनीने मान डोलावली. तिचं मान डोलावणं मी ओळखते. पोस्टात गिऱ्हाईक तावातावाने सांगत असतं तेव्हा ती तशीच डोलावते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी रांझीहून, माझ्या सासरहून, सकाळीच येऊन पोचले. वहिनी नऊवारी नेसून तयार होती आणि तिचा आकडा होता दोनशे ऐंशी. पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही, तरी दोनशे ऐंशी. नुसत्या धास्तीने चढली होती. तिने ती उतरवायला सुई घेतली. इथवर ठीक होतं. पण सुई घेतली की वाट बघावी लागते, आणि वाट बघणं या बाईच्या स्वभावातच नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर मोबाइलवर बाण अजून वरच. तिने दुसरी घेतली. पहिल्या सुईचं काम संपायच्या आत दुसरी घ्यायची नाही, हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत आहे, ती दुसऱ्यांना शिकवते. पण त्या दिवशी सगळं कसं देवीसमोर ठाकठीक मांडायचं होतं, त्यात तिला तो आकडाही ठाकठीक हवा होता.

मग ती स्वयंपाकघरात शिरली. सोवळ्यात मोबाइल चालत नाही, आईचा नियम. वहिनीने मोबाइल आणि ग्लुकोजची पुडी महालक्ष्म्यांच्या खोलीत फळीवर ठेवली, मुखवट्यांच्या मागे. तिथून आवाज ऐकू येईल, असा तिचा हिशोब. तो हिशोब अगदी बरोबर निघाला, सगळ्यांनाच ऐकू आला.

तिने त्या दिवशी जे काम केलं ते बघण्यासारखं होतं. पुरण शिजवलं, यंत्रातून काढलं, पोळ्या लाटल्या, दिवे वळले. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती, सांगायला. पण तिला सांगायचं काही उरलंच नाही. एकदा फक्त म्हणाली, "वेलची आता नको, उतरवल्यावर." वहिनी म्हणाली, "हो, माहीत आहे." इतकी वर्षं बाहेर सतरंज्या अंथरत होती, पण तिचे कान आतच होते.

दुपारी सिहोऱ्याच्या बसने हेमलतावहिनी आली. येताना मऊ सुती कापड आणि एक भलामोठा रिकामा डबा घेऊन आली. मुखवटे न्यायला. महालक्ष्म्यांना रिकामा डबा घेऊन येणारी पाहुणी मी पहिल्यांदाच पाहिली, आणि तसं बोलूनही दाखवलं. ती हसून म्हणाली, "अगं, तयारी असलेली बरी." शेजारच्या राधाबाई आल्या, कॉलनीतल्या सवाष्णी आल्या. आरत्या सुरू झाल्या आणि संपेचनात. एक झाली की हेमलतावहिनी दुसरी काढायची. तिचा आवाज चांगला आहे हे खरं, पण त्या दिवशी तिचं तोंड दाबावंसं वाटत होतं मला.

शेवटी ताटं मांडली. आईने पडदा ओढला आणि कडेला खुर्चीवर पडद्याची किनार हातात धरून बसली. खोलीचं मागचं दार, जे स्वयंपाकघराच्या बाजूला उघडतं, ते लोटून घेतलं. बाया पुढच्या खोलीत चिडीचूप. मी स्वयंपाकघरात डोकावले. वहिनी आधीच स्वच्छ असलेलं पितळी पातेलं, आमच्याकडचा गंज, पुन्हा घासत होती.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. समिधा.

"आत्या, मम्मी कुठे आहे? फोन नाही उचलून राहिली. नंबर बहुत नीचे है, आणि तीर सीधा खाली!"

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पडद्यामागे वहिनीचा मोबाइल बोंबलायला लागला. त्या शांततेत तो आवाज असा कर्कश की राधाबाई दचकून उभ्या राहिल्या.

"आत काय वाजून राहिलं?" हेमलतावहिनीने विचारलं.

"मोबाइल आहे," आई म्हणाली. "वाजू दे. आत कोणी जाणार नाही."

मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. वहिनीचं कपाळ घामाने भिजलं होतं, ओठ पांढरे. "वहिनी, साखर खा."

"मला काही झालं नाही."

"हात बघ तुझे! गंज धरवत नाही तुला."

"पडदा उघडू दे."

मी डब्यातून मूठभर साखर घेतली आणि तिच्या तोंडाशी नेली. तिने लहान पोरासारखे दात आवळून धरले आणि माझा हात असा झटकला की साखर सगळ्या फरशीवर. मी तिला शिव्या दिल्या, खालच्या आवाजात, पण खऱ्या शिव्या. तिला एकटीने आवरणं माझ्याच्याने होईना, म्हणून मी आनंदला हाक मारायला मागच्या अंगणात धावले. तो बाहेरच्या पंगतीसाठी पाट मांडत असायला हवा होता, पण दही आणायला गेला होता. मी परत फिरले तर नळ वाहतोय, गंज खाली पडलाय आणि वहिनी नाही. महालक्ष्म्यांच्या खोलीचं मागचं दार अर्धवट उघडं होतं.

मी आत डोकावले. वहिनी देवीसमोरच्या पाटावर मांडी घालून बसली होती. पाय हलत नव्हता, मान हलत नव्हती. फक्त हात चालत होते. ज्येष्ठेच्या ताटातली पुरणपोळी तोडून ती तोंडात कोंबत होती. तूप मनगटापर्यंत ओघळलं होतं. खिरीची वाटी तिने दोन्ही हातांनी तोंडाला लावली, रिकामी केली आणि ताटात टाकली, ती खणकन वाजली. मोबाइल शेजारी बोंबलत होता. तो बंद करायला ती आत आली असणार. मग समोर अन्न दिसलं आणि शुगर पडलेल्या शरीराला अन्नापुढे दुसरं काही दिसत नाही. ती उपास मोडत होती असं मी म्हणणार नाही. उपास करणारी अमिता त्या वेळी तिथे नव्हतीच.

मी मोबाइल बंद केला आणि तिच्याजवळ बसले. कोणत्याही क्षणी पडदा उघडेल म्हणून जीव घाबरा झाला होता. पण पडदा काही उघडला नाही. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने आपल्या हातांकडे बघितलं, मग ताटाकडे, मग वर मुखवट्याकडे.

"राजश्री, हे मी खाल्लं?" ती माझ्या कानाशी पुटपुटली.

"हो."

"कोणी पाहिलं?"

"मी. आणि ह्या दोघींनी."

तिला उठवून मी मागच्या दाराने बाहेर काढलं, तिचे हात धुतले, समिधाला फोन करून सांगितलं. ताट नीट करायला परत आत जाणार तोच घंटा वाजली आणि आईने पडदा सारला.

पुढच्या खोलीतल्या बाया ताटांवर वाकल्या. मग राधाबाईंनी टाहो फोडला. "जेवल्या गं बाई! माय माझी जेवली!"

आमच्याकडे दर वर्षी पडदा उघडला की बाया ताटावर वाकून बघतात, भाताला कुठे बोट लागल्याची खूण दिसते का. नुसती खळी दिसली तरी हात जोडतात. इथे तर अर्धीअधिक पोळी गायब, पुरणात चार बोटं उमटलेली, खिरीची वाटी आडवी. कनिष्ठेच्या ताटाला मात्र धक्का नाही. "मोठी आधी जेवते, रीतच आहे ती," कोणीतरी म्हणालं. राधाबाईंनी जमिनीवर डोकं टेकलं आणि त्या हमसून हमसून रडायला लागल्या. आणि हेमलतावहिनी, जी माझ्या वहिनीपेक्षा वयाने आणि मानाने मोठी, ती सरळ येऊन तिच्या पायांशी वाकली. "अमिता, पहिल्याच वर्षी तुझ्या हातचं खाल्लं गं देवीनं! मुखवटे इथंच राहू दे. मी नाही नेत."

आई पडद्याची किनार धरून ताटाकडे बघत होती.

पंगती बसल्या, उठल्या. कोणीतरी ताटाचा फोटो काढला आणि तो कॉलनीभर फिरला. संध्याकाळ व्हायच्या आत दारात चपलांचा ढीग. ओळखीच्या, बिनओळखीच्या बाया येत होत्या, ताटासमोर डोकं टेकवत होत्या, वहिनीच्या हाताला हात लावून कपाळाशी नेत होत्या. आणि वहिनीच्या शुगरने आता उलटी उडी मारली होती. तेवढं पुरण आणि खीर पोटात गेल्यावर आणखी काय होणार? आकडा वर, बाण वर. ती घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. मी गेले तर माझा हात धरून म्हणाली, "मी सांगून टाकते."

"गप्प बस," मी म्हटलं. "मुखवटे राहिले ना? कोणाचं काही बिघडलं?"

"राधाबाई माझ्या उष्ट्यावर डोकं ठेवून रडून राहिल्या, राजश्री."

"रडू दे. आनंदाने रडतात. तू सांगितलंस तर उपास मोडला, मुखवटे गेले, आणि वर ही सगळी बाई माणसं तुला फाडून खातील. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकलास ते असं फेकून देतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आत्ता आहे," ती म्हणाली. "मघाशी नव्हतं." ती पुन्हा चालायला लागली, वळली, परत आली. "माझ्या बाबांनी लग्नाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पोरीला हे आहे, रोज सुया लागतात, पटत असेल तर बघा. तेव्हा नाही लपवलं. आता देवीच्या नावावर लपवू?"

मला तिचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. ती खरंच बोलत होती आणि मला ते नको होतं. मला मुखवटे हवे होते, तिच्यासाठी. मी तिचा पदर धरला, तो तिने सोडवला आणि सरळ आत गेली.

पुढच्या खोलीत आई खुर्चीवर होती, शेजारी राधाबाई, हेमलतावहिनी, कॉलनीतल्या दहाबारा जणी. आनंद पाण्याचा ट्रे घेऊन उभा होता.

"आई," वहिनी म्हणाली, "ताटातलं मी खाल्लं. माझी शुगर पडली होती. मी कशी आत गेले मला आठवत नाही, पण खाल्लं मीच. उपास मोडला. मुखवटे हेमलताताईंना द्या."

आनंदने ट्रे खाली ठेवला. राधाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. हेमलतावहिनीने हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. "उष्टं केलं? देवीच्या आधी जेवली? आणि मी हिच्या पाया पडले!" बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक उठली, तिच्या मागे दुसरी. आणि नेमका त्याच वेळी वहिनीच्या कमरेला खोचलेला मोबाइल पुन्हा बोंबलायला लागला.

"आता काय म्हणते?" आईने विचारलं.

"वर चालली."

"मघाशी किती होती?"

माझ्या आईने या घरात वहिनीचा आकडा कधी विचारला नव्हता. एकदाही नाही.

"बेचाळीस," वहिनी म्हणाली.

आईने मान हलवली. "वाटी पडल्याचा आवाज आला तेव्हाच मी समजले. तुझं खाऊन होईस्तोवर पडदा धरून बसले होते मी. कोणी मधात शिरू नये म्हणून."

वहिनी रडत होती, तोंडावर हात न घेता, सगळ्यांसमोर. आईने खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी दाद दिली नाही, ती परत बसली.

"मुखवटे कुठं जाणार नाहीत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षापासून या घरात महालक्ष्म्या करणारीनं उपास करायचा नाही. आणि पडद्याच्या आत तीन ताटं वाढायची."

"तीन?" हेमलतावहिनीचा आवाज चढला. "काकू, असं कुठं असते का? ही काय रीत झाली? देवीच्या पंगतीत माणूस बसवता तुम्ही?"

आईने तिच्याकडे बघितलं नाही. ती पडद्याकडे बघत होती.

"लग्न होऊन आले तेव्हापासून हा पडदा मीच उघडून राहिले, हेमलता. दर वर्षी आशेनं उघडायची. दर वर्षी ताट जसंच्या तसं भरलेलं. यंदा पहिल्यांदा आतून कोणी जेवल्याचा आवाज आला."